शाळेतील उद्योगशाळा आणि शेत : दुष्काळनिवारणाचा एक विसरलेला मार्ग

(मंडळाच्या वर्गणीदारांच्या ठाणे येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. अहवालासोबत छापून विनंतीपूर्वक सादर.)



मंडळाचा अहवाल व जमाखर्च आपल्या हाती आहे. कोणत्या पाड्यावर धान्य पोचले, पाण्याचे टँकर कोठे गेले, गुरांस चारा कोठे मिळाला, हा सर्व तपशील त्यात आला आहे. त्याची पुनरुक्ती करून आम्ही आपला वेळ घेत नाही. आज आम्हांस आपल्यापुढे एक कबुली द्यावयाची आहे आणि त्या कबुलीतून निघणारी एक मागणी करावयाची आहे.

कबुली अशी की, ज्या दारी आम्ही एका उन्हाळ्यात धान्याची पिशवी ठेवली, त्याच दारी पुढच्या उन्हाळ्यात तीच पिशवी घेऊन आम्हांस पुन्हा जावे लागले. पिशवीने माणूस तगतो, आणि तगणे हे पहिले कर्तव्य आहे, यात संशय नाही. परंतु पिशवी संपल्यावर त्या घरात काय उरते, हा प्रश्न आम्ही स्वतःस फार उशिरा विचारला.

तो प्रश्न आम्हांस सुचला तो प्रसंग थोडक्यात सांगतो. शहापूर तालुक्यातील एका लहान गावी वैशाखाच्या उन्हात आम्ही गेलो होतो. गावची विहीर आटलेली होती, आणि एकुलता एक हातपंप तीन आठवडे बंद होता. बायका डोंगर उतरून ओढ्यातील डवऱ्यावर जात व वाटीवाटीने पाणी भरून आणीत. पंपास झाले होते काय, तर त्याच्या पोटातील चामड्याची वाटी झिजली होती, एवढेच. तालुक्याहून कारागीर आला, त्याने नळ वर ओढले, वाटी बदलली, आणि त्याच दिवशी पाणी आले. पंपाभोवती गावातील पाचसहा मुले उभी होती. त्यांतील दोघांनी नुकतीच शालान्त परीक्षा दिली होती. आम्ही सहज विचारले, तेव्हा हवेचा दाब म्हणजे काय, दट्ट्या व झडप कशी चालते, हे त्यांनी अचूक सांगितले. एकाने काडीने मातीत आकृतीही काढून दाखविली. हंडा घेऊन उभी असलेली एक वृद्धा ते ऐकत होती. ती म्हणाली, "दादा, पोरांच्या बुकात हाये म्हणता, मंग हातात का नाही?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा शोध होय.

प्रथम आपल्या जिल्ह्याची स्थिती पाहावी. ठाणे जिल्हा हा पावसाचा कंगाल नव्हे. येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. देशावरील शेतकरी ज्या पावसाची नुसती स्वप्ने पाहतो, तो आपल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरांवरून चार महिने धो धो वाहतो आणि समुद्रास मिळतो. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे भातसाही आली. या तालुक्याच्या पाण्यावर मुंबई शहर पोसले गेले. आणि तरीही फाल्गुन उजाडला की त्याच तालुक्यातील पाड्यांस टँकरची वाट पाहावी लागते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण येथे कोणास समजावून सांगावी लागत नाही. येथील दुष्काळ आभाळातून येत नाही. तो बांध न घातलेल्या उतारावर, न दुरुस्त झालेल्या पंपात आणि भाताच्या एका पिकानंतर मोकळ्या पडलेल्या शेतात असतो. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर निघतात, आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. अशा दुष्काळास धान्य हा उतारा आहे, औषध नव्हे.

औषध नवे शोधावयाचे आहे असेही नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात त्यांनी स्पष्ट मागितले होते की, प्राथमिक शाळेत शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे आणि त्यास जोडून एक लहानसे नमुनेदार शेत असावे, म्हणजे मुलांस प्रत्यक्ष शिक्षण मिळेल. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ तेव्हा लोकांच्या आठवणीत ताजा होता. पुण्यासारख्या ठिकाणी राहून ही मागणी करणाऱ्यास उपासमार ऐकून माहीत नव्हती, पाहून माहीत होती. पुढे १९३७ साली वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने उद्योगाच्या द्वारे शिक्षणाची योजना आखली. महाराष्ट्रातील कित्येक गावांच्या शाळांवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशी पाटी दिसते, ती त्याच काळच्या विचाराची खूण होय. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' सुचविला. १९७७ साली 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे नाव आले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलास एखाद्या व्यवसायाची ओळख व्हावी, दहा दिवस तरी त्याने दप्तराविना कारागिरांत घालवावे, असे म्हटले.

म्हणजे विचारांचा दुष्काळ कधीच नव्हता. झाले असे की, पाटी राहिली आणि शेत गेले. कार्यानुभवाच्या तासाचे काय होते, हे या सभेतील प्रत्येक आईबापास ठाऊक आहे. वहीत चिकटवावयाची वस्तू परीक्षेच्या आदल्या रात्री आईने करावी, नाहीतर बाजारातून आणावी, आणि गुण मुलास मिळावे! जे काम केल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ते काम मूल मनापासून करीत नाही. आणि ते त्याचे बरोबरच आहे.

ज्या ठिकाणी हे शिक्षण खरे झाले, तेथे ते का झाले, हे पाहणे म्हणून अगत्याचे आहे. आणि त्यासाठी आपणांस दूर जावे लागत नाही. डहाणू तालुका २०१४ च्या ऑगस्टपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे. त्या तालुक्यातील बोर्डी येथे १९४५ साली ताराबाई मोडक यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथे त्यांस आढळले की, मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. आणि गुरे राखली नाहीत तर घर चालत नाही. आपल्यासारख्यांनी अशा वेळी आईबापांच्या अज्ञानावर व्याख्यान दिले असते. या दोघींनी शाळाच कुरणावर नेली. ती 'कुरणशाळा' होय. गुरे चरत, आणि गुराख्यांची शाळा भरे. पाने, बिया, दगड, पाखरे हेच तिचे साहित्य. मुलाचे काम हा शिक्षणातील अडथळा न मानता त्यासच शिक्षणाचा पाया करणे, ही गोष्ट त्यांनी करून दाखविली. त्याच टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीने शेतीशिक्षणाची संस्था उभारली आणि १९७६ पासून तेथे कृषि विज्ञान केंद्रही आले. कुरणावरील बालकापासून प्रौढ शेतकऱ्यापर्यंत एकाच डोंगरावर शिकण्याची सोय झाली.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली त्या कोरड्या गावी विज्ञान आश्रम स्थापिला. माध्यमिक शाळेतील मुलांसाठी त्यांनी आखलेल्या शिक्षणक्रमात चार अंगे आहेत : बांधकाम व लोहारी-सुतारी इत्यादी अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. आठवड्यातील एक दिवस मुले हाताने काम करतात. तो विषय शालान्त परीक्षेस मान्य झाला, हे महत्त्वाचे. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, मुले जे करतात ते कोणास तरी हवे असते. शाळेचे मोडके बाक, गावातील घराची वीजजोडणी, पाण्याची टाकी, मातीचे परीक्षण, रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी, अशी ही कामे. काम चुकले तर त्याच दिवशी कळते. गुणपत्रिकेची वाट पाहावी लागत नाही. शिकविणाराही पुष्कळदा गावचाच कारागीर असतो.

परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेत १९१७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांतील शेती व उद्योगाच्या वर्गांस सरकारी पैसा मिळू लागला. त्यात शेती शिकणाऱ्या मुलाने वर्षातून निदान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतकाम केले पाहिजे, अशी अट होती. वर्गातील फळ्यावर नांगर काढून ही अट पुरी होत नसे.

आता एका आक्षेपाकडे वळतो. तो आमच्यापुढे अनेकदा आला आहे आणि तो क्षुल्लक नाही. एका पाड्यावरील बापाने आम्हांस विचारले, "माझ्या पोराला शेतीच शिकवायची, तर ती मी शिकवतो. शाळेत कशाला धाडू? तुमची पोरे साहेब व्हायची आणि आमची पुन्हा चिखलात?" या शब्दांत शतकांचा अनुभव आहे. मद्रास राज्यात १९५३ साली श्री. राजगोपालाचारी यांनी अशी योजना आणली की, मुलांनी अर्धा दिवस शाळेत शिकावे व उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकावा. लोकांनी तीत जातीचे कुंपण ओळखले. प्रचंड विरोध झाला, आणि १९५४ साली ती योजना रद्द करावी लागली. ती रद्द झाली हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. ज्या शिक्षणात न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि वकिलाच्या मुलाने पुस्तक धरावयाचे, ते शिक्षण नव्हे. तो जुना अन्यायच नव्या वेष्टनात बांधलेला होय.

याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शब्दांनी नव्हे, कृतीने दिले आहे. १९१९ साली स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेत त्यांनी 'कमवा आणि शिका' हा मार्ग घातला. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात राहत, एका पंक्तीस जेवत आणि एकाच शेतात खपत. खोदणारा आणि वाचणारा असे दोन वर्ग त्यांनी होऊच दिले नाहीत. आमची मागणीही याच अटीवर उभी आहे. उद्योगशाळा व शेत हे आदिवासी मुलांसाठी वेगळे आणि डोंबिवलीच्या मुलांसाठी गणित-इंग्रजी वेगळे, असे असेल तर आम्हांस ते नको. मुरबाडच्या मुलीस बीजगणित पुरे मिळाले पाहिजे, आणि डोंबिवलीच्या मुलास पाना व करवत धरता आली पाहिजे. पुढे कोणी काय व्हावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शहरवासीयांनो, येथे आपणांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. १८५३ साली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास आली, पुढल्या वर्षी ती कल्याणास पोचली. वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली येथे कारखाने उभे राहिले. लेथवर काम करणारा, साचा बनविणारा, वाफेची तोटी ऐकून दोष सांगणारा मनुष्य या शहरांत गल्लोगल्ली होता. मागील काही दशकांत त्यांतील कित्येक कारखाने बंद झाले व त्यांच्या जागी मनोरे उठले. कारखान्याबरोबर कारागीर गेला, आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही जात आहे. आज डोंबिवलीच्या घरात विजेचा साधा फ्यूज गेला तर एम. ए. झालेला मनुष्य अंधारात फोन शोधतो. आम्ही हे हसण्यासाठी सांगत नाही. ज्यांच्या बोटांत ती विद्या आहे असे निवृत्त कामगार अजून आपल्यात आहेत. त्यांस शाळेत बोलावण्यास फार वर्षे उरलेली नाहीत.

तर मग करावयाचे काय? आमची योजना लहान आहे. लहान असल्यामुळेच ती पार पडेल, असा आमचा विश्वास आहे.

प्रथम शेत. आपल्या भागातील शाळा जूनच्या मध्यास उघडतात, आणि भाताचा हंगामही तेव्हाच असतो, ही ईश्वरी सोय म्हणावी. शाळेजवळ एक गुंठा जमीन मिळाली तरी पुरे. तिचे दोन भाग करावेत. एकात गावची नेहमीची लावणी. दुसऱ्यात कोकणात सर्वांस माहीत झालेली चारसूत्री पद्धत : भाताच्या तुसाची राख किंवा पेंढा जमिनीस परत द्यावा, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडावा, दोरीवर खुणा करून १५ व २५ सेंटिमीटरांच्या आळीपाळीच्या अंतराने दोनतीन रोपांचे चूड लावावेत, आणि चार चुडांमध्ये खताची एकेक गोळी खोचावी. आता पाहा, यात किती शिक्षण आहे! दोरीवर खुणा करणे ही भूमिती. चूड मोजणे व गोळ्यांचा हिशेब हे गणित. पाला का कुजतो हे रसायन. आणि कार्तिकात दोन्ही भागांचे भात झोडून, वजन करून, फरक वहीत मांडणे हा विज्ञानाचा पहिला व खरा धडा. दुसरा भाग कमी भरला तर तेही वहीत लिहावे. खोटे उत्तर शेत स्वीकारीत नाही. भात निघताच त्याच ओलीवर वाल किंवा हरभरा पेरावा. ज्या गावात भातानंतर शेत ओस पडते, तेथे शाळेच्या गुंठ्यात माघ महिन्यात वाल उभा दिसणे, हे आमच्या दहा व्याख्यानांहून अधिक बोलके ठरेल. आणि जे कुटुंब एका जास्त पिकाच्या आधाराने भट्टीवर जाणे टाळील, त्याचे मूल शाळेत राहील.

दुसरी उद्योगशाळा. तीस इमारत नको. एक ओटी व कुलपाची एक पेटी पुरे. गावातील हातपंप, नळ, फवारणीचा पंप, सौर दिवा, सायकल, शाळेचे बाक आणि छपराचे पत्रे हा तिचा अभ्यासक्रम. आठवीपासूनच्या प्रत्येक मुलाने व प्रत्येक मुलीने, होय, मुलीनेही, कारण पाणी तिच्याच डोक्यावरून येते, वर्षातून निदान एक खरी दुरुस्ती पुरी करून तिची नोंद शाळेच्या वहीत करावी. कोणाचे काम झाले, काय बिघडले होते, खर्च किती आला, हे तीत असावे. ती वही म्हणजेच शाळेचा अहवाल.

यात अडचणी नाहीत असे नाही. शिक्षकांवर आधीच पुष्कळ कामे लादलेली आहेत. त्यांच्याच गळ्यात हेही घालणे अन्याय होईल. म्हणून शिकविण्यास गावचा सुतार, गवंडी, अनुभवी शेतकरी अथवा शहरातील निवृत्त फिटर बोलवावा आणि त्यास मोबदला द्यावा. फुकट विद्या मागण्याची सवय आपण सोडली पाहिजे. हत्यारे धारदार असतात. म्हणून थोडी मुले, जवळ मोठे माणूस, आणि पायांत जोडे, हा नियम मोडता कामा नये. शेतातून निघालेले भात मुलांचे आहे. ते शिक्षकाच्या घरी जाता कामा नये, आणि मुलांकडून शिकण्यासाठी काम घेणे व राबविणे यांतील रेघ कोणी पुसू नये. जेथे ती पुसली जाईल, तेथून मंडळ आपले साह्य काढून घेईल.

कोणी म्हणतील, दुष्काळनिधीचा पैसा शाळेच्या कुदळींवर का घालावा? त्यांस आम्ही १९७२ सालाची आठवण देतो. त्या वर्षी महाराष्ट्रातील लाखो माणसे रस्त्यांवर खडी फोडीत होती. लाल मिलो व सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्या संकटातून रोजगार हमीची योजना वाढली व १९७७ साली तिचा कायदा झाला. भुकेल्यास भीक नव्हे, काम मिळाले पाहिजे, हे तत्त्व महाराष्ट्राने देशास शिकविले. आम्ही त्याच वाटेवरील पुढचे पाऊल मागतो : काम मिळावेच, पण ते करणाऱ्याच्या हाती अशी विद्याही असावी की, त्यास केवळ खडीच फोडावी लागू नये. अन्नदानाहून विद्यादान थोर, असे आपले वाडवडील म्हणत. या ठिकाणी दोन्ही दाने एकच आहेत.

यास्तव आमची आपणांस नम्र विनंती आहे. ज्यांस शक्य असेल त्यांनी द्रव्य द्यावे. ज्यांच्या घरी किंवा बंद पडलेल्या कारखान्यात चालू स्थितीतील हत्यारे असतील, त्यांनी पाने, करवती, रंधे, हातोड्या, शेगडे, कुदळी, फावडी, विळे व वजनकाटे द्यावेत. गंजलेले व मोडके देऊ नये, मुलांस ते दुरुस्त करावयास शिकण्यापूर्वी वापरावयाचे आहे. ज्यांच्यापाशी कारागिरी आहे त्यांनी महिन्यातून एक दिवस द्यावा. शहापूर, मुरबाडच्या वाटेवर आम्ही त्यांच्याबरोबर चालू. ज्यांची शाळेलगत जमीन पडीक आहे, त्यांनी एक गुंठा चार महिन्यांसाठी द्यावा. आणि ज्यांस यांतले काहीच शक्य नसेल, त्यांनी आपल्या मुलाच्या शाळेत जाऊन एवढेच विचारावे की, कार्यानुभवाच्या तासाला मुले करतात काय?

धान्याची पिशवी आम्ही बंद करणार नाही. भुकेल्या मुलास करवत देणारा मनुष्य शहाणा नव्हे. परंतु पुढील वैशाखात आम्ही त्या गावी जाऊ, तेव्हा पंपाभोवती तीच मुले असावीत, नळ वर ओढलेला असावा, त्यांच्या हातांना वंगण लागलेले असावे, आणि त्या वृद्धेस आम्हांस काही विचारण्याची गरज पडू नये, एवढी एकच इच्छा आम्ही आज आपल्यापुढे ठेवितो. ती पुरी करणे आपल्या हाती आहे.